बोकडाचा खुराक माजाच्या दोन महिने आधी सुरू होतो

मृगाचा पाऊस पडून गेला, माळावर हिरवं फुटलं आणि कळपातल्या चार-पाच शेळ्या एकदम माजावर आल्या, की त्या संध्याकाळी पैदाशीच्या बोकडाची गव्हाण बघावी. सकाळी टाकलेली कुट्टी तशीच पडलेली असते. वरचा पाला तेवढा वेचलेला, भरड्याचा थर चाटलेला आणि खाली ज्वारीची धाटं जशीच्या तशी. बोकड मात्र कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या घालत असतो. वरचा ओठ मुडपून वास घेतो, जीभ बाहेर काढून फुरफुरतो, स्वतःच्या दाढीवर आणि पुढच्या पायांवर मूत उडवून घेतो. चार दिवसांत बरगड्या दिसायला लागतात.

मग शेळीपालक घाबरतो आणि खुराक वाढवतो. २०० ग्रॅम ज्वारीच्या जागी पाऊण किलो, वर भिजवलेला हरभरा, वर दोन अंडी. बोकड एक तर त्याला तोंड लावत नाही, नाहीतर एकदम खातो आणि पोट फुगून बसतो. दोन्हीकडून नुकसान शेळीपालकाचंच, कारण तीस शेळ्यांच्या कळपात येणाऱ्या प्रत्येक करडाचा अर्धा वाटा या एका जनावराकडून यायचा असतो.

बोकडाच्या बाबतीत अडचण अशी की ज्या दिवसांत त्याला सगळ्यात जास्त ऊर्जा लागते, त्याच दिवसांत तो सगळ्यात कमी खातो. त्यामुळे हंगामात लागणारी ऊर्जा हंगामात भरता येत नाही. ती आधी अंगावर साठवून ठेवावी लागते.

तो खात का नाही, आणि खर्च कुठे होतो

माजाच्या दिवसांत बोकडाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन या नर संप्रेरकाचं प्रमाण वाढतं. त्याने भूक मंदावते आणि लक्ष गव्हाणीवरून शेळ्यांकडे जातं. थंड देशांतल्या जातींत दिवस लहान व्हायला लागले की हे फार तीव्रतेने होतं. आपल्या उस्मानाबादी जातीत तेवढा टोकाचा प्रकार नसतो, कारण सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्यात शेळ्या वर्षभर माजावर येऊ शकतात. पण पावसाळ्याच्या तोंडाला चारा सुधारला की, आणि पुन्हा दिवाळीच्या आगेमागे, बऱ्याच शेळ्या थोड्याच दिवसांत माज दाखवतात. त्यातून बोकड तीन-चार आठवडे वेगळा, वासही पोहोचणार नाही इतका लांब ठेवला असेल आणि मग कळपात सोडला, तर त्याच्या वासानेच आठ-दहा दिवसांत माजाचा झपाटा सुरू होतो. शेळीपालकाच्या सोयीचं आहे हे, करडं एका वेळी येतात. बोकडावर मात्र सगळा भार एकदम पडतो.

ऊर्जेचा खर्च फळवण्यात होतो असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात शेळीवर चढण्याच्या त्या काही सेकंदांत फारसं काही जळत नाही. खर्च होतो तो चालण्यात, उभं राहण्यात, दुसऱ्या बोकडाशी टकरा घेण्यात, रात्री न बसण्यात. विश्रांती घेणारं जनावर आणि दिवसभर फिरणारं जनावर यांच्या गरजेत मोठा फरक असतो, आणि तो आकड्यांत मांडला की डोळे उघडतात.

४० किलोच्या बोकडाचा हिशेब

पूर्ण वाढलेला उस्मानाबादी बोकड साधारण ३५ ते ४५ किलोचा असतो. मधला ४० किलोचा धरू. काहीही काम न करता, नुसतं जिवंत राहायला ४० किलोच्या शेळीला दिवसाला सुमारे १,६०० किलोकॅलरी लागतात. खच्ची न केलेल्या नराला याच्या १५ टक्के जास्त, कारण त्याचं शरीर मुळातच जास्त जाळतं. झाल्या १,८५०. गोठ्याभोवती थोडीफार हालचाल धरली तर मूळ गरजेच्या पाव हिस्सा आणखी, म्हणजे ४००. त्यावर हंगामाच्या तयारीसाठी १० टक्के. बेरीज २,५०० किलोकॅलरीच्या घरात जाते.

खाद्यातली ऊर्जा टीडीएन या मापात मोजतात, म्हणजे एकूण पचणारा भाग. १ किलो टीडीएनमधून साधारण ३,६०० किलोकॅलरी मिळतात. त्यामुळे आपल्या बोकडाला रोज ७०० ग्रॅमच्या आसपास टीडीएन पोटात गेलं पाहिजे. हा आकडा गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

यात चराईचा खर्च धरलेला नाही. उन्हाळ्यात सांगोला, करमाळ्याच्या माळावर चारा विरळ असतो, शेळ्या दिवसभर चालतात. अशा लांबच्या चराईला मूळ गरजेच्या ७५ टक्के जादा ऊर्जा लागते. गोठ्याजवळचा बोकड आणि दिवसभर माळ तुडवणारा बोकड यांच्यातला फरक रोज ८०० किलोकॅलरीचा, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम ज्वारीचा. वैशाखात बोकड कळपाबरोबर दिवसभर हिंडवला तर संध्याकाळी घातलेला खुराक त्या चालण्यातच जिरतो, अंगाला काही लागत नाही. हंगामाच्या आधीचे दोन महिने त्याला सकाळी दोन तास मोकळं सोडावं. पाय मोकळे राहतात, खुरं झिजतात, तेवढं पुरे.

पोटभर कडबा का पुरत नाही

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा कडबा चांगलाच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण कडब्यात टीडीएन ५० टक्क्यांच्या आसपास. फक्त कडब्यावर ७०० ग्रॅम टीडीएन गाठायचं तर बोकडाने दिवसाला दीड किलोहून जास्त कडबा खायला हवा. जाड, चिवट चारा पोटात हळू पचतो, जागा अडवून बसतो, आणि बोकड साधारण ८००-९०० ग्रॅमवर थांबतो. पोट टम्म दिसतं पण ऊर्जा मिळते गरजेच्या जेमतेम साठ टक्के. म्हणून नुसत्या कडब्यावरचा बोकड पोटाने मोठा आणि पाठीने खपाटलेला दिसतो.

ज्वारी, मका, बाजरीच्या दाण्यात टीडीएन ७५ ते ८० टक्के. थोड्या जागेत जास्त ऊर्जा बसते, म्हणून दाणा लागतो. तो किती आणि कशाबरोबर, हे पुढे.

माळशिरस-पंढरपूरकडे बागायत पट्ट्यात उसाचं वाढं भरपूर आणि फुकट असतं. वाढ्यात ऊर्जा कडब्याइतकीच, प्रथिनं कमी, आणि त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. निम्म्याहून जास्त चारा वाढ्याचा नको, आणि खनिज मिश्रण चुकवायचं नाही.

दोन महिनेच का

शुक्रजंतू एका दिवसात तयार होत नाही. वृषणात तो घडायला साधारण ४८ दिवस लागतात. त्यानंतर वृषणाला चिकटलेल्या वळणावळणाच्या नळीत पक्व व्हायला दहा-बारा दिवस. म्हणजे आज बोकडाने फळवलं तर त्यातलं वीर्य ६० दिवसांपूर्वी सुरू झालेलं असतं. त्या दिवशी बोकड उपाशी होता, तापाने फणफणलेला होता की सावलीत बसून नीट खात होता, त्याचा हिशेब आज चुकता होतो.

सोलापूरच्या पंचांगात हे बसवायला सोपं आहे. मृग-आर्द्रात शेळ्या फळवायच्या असतील तर अक्षय तृतीयेच्या आसपास बोकडाचा खुराक सुरू झाला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास फळवायच्या असतील तर श्रावण अमावस्येच्या पोळ्याला सुरू करावा, पोळा ते लक्ष्मीपूजन बरोबर दोन महिने. त्याच दिवशी वजन करावं, लेंड्या तपासून गरजेप्रमाणे जंताचं औषध द्यावं, खुरं कापावीत आणि आंत्रविषार, पीपीआर या शेळ्यांच्या रोगांवरच्या राहिलेल्या लसी टोचून घ्याव्यात. लसीने येणारा एखाद्या दिवसाचा ताप तेव्हा परवडतो, हंगामाच्या तोंडावर परवडत नाही.

वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा, आणि खांद्याच्या टोकापासून मागे बसायच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर २९ आणि लांबी ३१ इंच आली तर वजन साडेएकोणचाळीस किलो. टेप घट्ट आवळायची नाही, आणि दर वेळी सकाळी उपाशीपोटी मोजायचं, नाहीतर पोटातल्या पाण्याचं वजन धरलं जातं.

वजनापेक्षाही महत्त्वाचा असतो हात. शेवटच्या बरगडीमागे कमरेवर अंगठा कण्यावर ठेवा आणि बोटं बाजूच्या हाडांच्या टोकांवर. आता स्वतःची मूठ आवळून तिच्या उंच सांध्यांवरून बोट फिरवा. बोकडाची कंबर तशी टोचत असेल तर तो खराब आहे, अंगाला पाचपैकी दोन गुणांच्या खाली. हात उघडा ठेवून त्याच्या पाठीमागची हाडं जशी लागतात, थोडं दाबल्यावर कळणारी पण न टोचणारी, तशी कंबर असेल तर तीन. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मऊ गादीसारखं लागलं तर चारच्या वर. हंगामाच्या सुरुवातीला बोकड तीन ते साडेतीन असावा. शेळीवर्गाची चरबी आधी पोटात साठते, पाठीवर नंतर येते, म्हणून छातीच्या हाडावरची गादीही चिमटीत धरून पाहावी.

साडेतीनच्या वर मात्र नेऊ नये. बाजारात देखणा दिसणारा गलेलठ्ठ बोकड पैदाशीला चालतोच असं नाही. जाड बोकडाला उन्हाचा त्रास जास्त होतो, चढायचा आळस करतो, आणि वृषणाच्या पिशवीच्या वरच्या भागात साठलेली चरबी वृषणाला थंड होऊ देत नाही.

खुराक कसा बांधायचा

सोलापूर जिल्ह्यात सहज मिळणाऱ्या मालातून १० किलोचं मिश्रण असं होतं: ज्वारी किंवा मक्याचा भरडा साडेपाच किलो, तूरचुणी दोन किलो, शेंगदाणा पेंड दीड किलो, गव्हाचा कोंडा ७०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. यात प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास बसतात. बार्शी, अक्कलकोटकडे डाळ मिलमुळे तूरचुणी सहज मिळते. नुसत्या टरफलाची चुणी घेऊ नका, हातात धरली की डाळीचे कण दिसले पाहिजेत. ज्वारी पिठासारखी दळायची नाही. एका दाण्याचे चार-पाच तुकडे होतील इतकीच भरडायची, कारण पीठ पोटात फार वेगाने आंबतं.

४० किलोच्या बोकडाला दिवसाचा पूर्ण खुराक: हे मिश्रण ४०० ग्रॅम, लसूणघास दीड किलो हिरवा, तुरीचं भूस ३०० ग्रॅम आणि कडब्याची बारीक कुट्टी ३०० ग्रॅम. यातून साधारण ७०० ग्रॅम टीडीएन मिळतं आणि सगळ्याचं कोरडं वजन सव्वा किलोच्या आतच राहतं, म्हणजे बोकडाच्या पोटात ते मावतं. लसूणघास नसेल तर शेवरी, हदगा, सुबाभूळ चालेल. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, त्यातल्या मिमोसिनने केस गळतात. उन्हाळ्यात बाभळीच्या वाळलेल्या शेंगाही चांगल्या, रोज दोन मुठी.

हिरवं का हवं, तर त्यातून जीवनसत्त्व ‘अ’ मिळतं. चार-पाच महिने नुसत्या वाळल्या वैरणीवर असलेल्या बोकडाच्या वृषणाला याची कमतरता भोवते. एप्रिल-मेमध्ये जिथे हिरवळीचा मागमूस नसतो तिथेही विहिरीच्या कडेला किंवा न्हाणीच्या पाण्यावर अर्धा गुंठा लसूणघास एका बोकडासाठी जगवता येतो. तेवढा जरूर जगवावा.

प्रथिनांच्या मागे लागून पेंड वाढवण्याची चूक फार होते. ऊर्जा कमी आणि पेंड जास्त असेल तर जादा प्रथिनांचा पोटात अमोनिया होतो, यकृत तो युरियात बदलून मुतावाटे टाकतं, आणि या कामालाही ऊर्जाच खर्च होते. आधी दाणा-चाऱ्याची ऊर्जा, मग पेंड.

सरकीबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण दुभत्या जनावरांमुळे सरकी पेंड घराघरांत असते आणि तीच ओंजळभर बोकडापुढे जाते. सरकीत गॉसिपॉल नावाचा घटक असतो. तो शुक्रजंतूच्या मधल्या भागावर परिणाम करतो आणि त्याची हालचाल मंदावते. म्हशीला सरकी घाला, पण पैदाशीच्या बोकडाला हंगामाआधीचे दोन महिने आणि हंगामभर अजिबात घालू नका. शेंगदाणा पेंड नसेल तर सोयाबीनची किंवा करडईची पेंड वापरा. शेंगदाणा पेंड पावसाळ्यात ओली होऊन बुरशी धरते, तिचा कुबट वास आला तर फेकून द्यावी.

अंड्यांचं म्हणाल तर त्यातली उत्तम प्रथिनं बोकडाच्या मोठ्या पोटातले जिवाणू मोडून टाकतात. जो फायदा माणसाला होतो तो त्याला होत नाही. त्याच पैशात आठवड्याची ज्वारी येते. तेल थोडं चालतं, २० ते ३० मिलिलिटर. त्याहून जास्त स्निग्ध गेलं तर पोटातल्या जिवाणूंवर तवंग बसतो आणि कडबा पचेनासा होतो.

वाढवायचा हळू

पहिले तीन दिवस १०० ग्रॅम. नंतर दर तीन दिवसांनी ५० ग्रॅम वाढवत ४०० वर यायला सुमारे तीन आठवडे लागतात. तेवढे द्यावेत. दिवसाचे दोन भाग करावेत, आणि आधी थोडी कुट्टी खाऊन झाल्यावर भरडा. पोटातले कडबा पचवणारे जिवाणू वेगळे आणि दाणा पचवणारे वेगळे. दाण्याचे जिवाणू वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. घाई केली तर दाण्यातल्या पिठूळ भागाचं लॅक्टिक आम्ल होतं. बोकड खाणं सोडतो, रवंथ थांबते, दात खातो, पातळ आंबूस हगवण लागते. पोट डाव्या बाजूला दाबलं तर पाणी भरलेल्या पिशवीसारखं डचमळतं. पोत्यात तोंड घालून एकदम दोन किलो ज्वारी खाल्लेला बोकड एका दिवसात मरू शकतो, म्हणून खाद्याची खोली कडी लावून ठेवावी. तसं झालंच तर दाणा आणि हिरवं बंद करून फक्त कोरडा कडबा ठेवावा आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवावं. रोजच्या खुराकात पाच ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळला तर आम्लता आटोक्यात राहते.

मूतखडा: नराचाच आजार

शेळीला भरपूर दाणा घातला तर ती लठ्ठ होईल, हगेल, पण मूतखड्याने क्वचितच मरेल. बोकड मरतो. कारण त्याची मूत्रनलिका लांब, वळणदार आणि टोकाला अगदी बारीक असते. शिश्नाच्या टोकाला दोरीसारखी एक छोटी नळी असते. वाळूच्या कणाएवढा खडाही तिथे अडकतो.

ज्वारी, मका यांच्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, आणि गव्हाच्या कोंड्यात तर तो आणखी जास्त. कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त गेला की जादा फॉस्फरस मुतावाटे बाहेर पडतो आणि त्याचे खडे बनतात. खुराकात दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस असावा. लसूणघास आणि तूर-हरभऱ्याचं भूस कॅल्शियमचा भरणा करतात, म्हणून वरच्या खुराकात त्यांची जागा दाण्याइतकीच महत्त्वाची आहे. हिरवी द्विदल वैरण मिळत नसेल तर १० किलो मिश्रणात १०० ग्रॅम कॅल्साइट पावडर घालावी. स्वस्त पडतो म्हणून कोंडा मात्र वाढवू नये. कितीतरी बोकड या एका चुकीने गेले आहेत.

मिठामुळे बोकड पाणी जास्त पितो आणि मूत पातळ राहतं. पाणी दिवसाला चार ते सहा लिटर, वैशाखात त्याहून जास्त, आणि सावलीत ठेवलेलं. उन्हात तापलेलं पाणी बोकड पीत नाही. मूतखड्याचा त्रास कळपात आधी झाला असेल तर खुराकात अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर मिसळतात. कोरड्या चाऱ्याच्या अर्धा टक्का, ४० किलोच्या बोकडाला रोज सहा ग्रॅमच्या आसपास. बाजारातला कल्हईचा नवसागर यासाठी वापरायचा नाही. पशुवैद्यकाकडून खाद्यासाठीचा घ्यावा आणि प्रमाणही त्यांना विचारूनच ठरवावं.

बोकड पुन्हा पुन्हा मुतायच्या पवित्र्यात उभा राहतो, शेपटी हलवतो, ओरडतो, थेंब थेंब पडतो किंवा पडतच नाही, शिश्नाच्या टोकाच्या केसांवर खडीसाखरेसारखे बारीक कण दिसतात. लोक याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात आणि एक दिवस वाया घालवतात. मूत अडल्यावर मूत्राशय फुटायला एक-दोन दिवसही पुरतात. हे लक्षण दिसलं की रात्र असली तरी पशुवैद्यकाला फोन करावा.

वैशाखाचं ऊन

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. वृषणाला शरीरापेक्षा चार-पाच अंश थंड राहावं लागतं, त्यासाठीच ते बाहेर लोंबतात. पत्र्याच्या छपराखाली बांधलेल्या बोकडाला हे जमत नाही. धापा टाकण्यात ऊर्जा जाते, दुपारी तो खात नाही, आणि मेमध्ये बिघडलेलं वीर्य जून-जुलैत शेळ्यांना जातं. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडब्याच्या पेंढ्या टाका, नाहीतर कडूनिंबाखाली बांधा. खुराक पहाटे पाच-सहाला आणि दिवस मावळल्यावर द्या. वैरणीचा मोठा हिस्सा रात्रीसाठी ठेवा, कारण रवंथीतून निघणारी उष्णता रात्रीच्या गारव्यात सोसते.

हंगाम चालू झाल्यावर

आता तो कमी खाणारच. रोजचं खाणं पाव हिश्शाने घटलं तर रोज १७०-१८० ग्रॅम टीडीएनची तूट पडते, म्हणजे सुमारे ६५० किलोकॅलरी. सहा आठवड्यांत ती २७ हजारांवर जाते. अंगातलं एक किलो वजन मोडलं की साधारण पाच-साडेपाच हजार किलोकॅलरी निघतात. हिशेब सरळ आहे: पाच किलो वजन जाणार. ४० किलोचा बोकड ३५ वर येतो. साडेतीनच्या अंगाने सुरुवात केलेला बोकड हे सोसतो. अडीचच्या अंगाने सुरू केलेला चौथ्या आठवड्यात चढायचा बंद होतो, नेमक्या उशिरा माजावर आलेल्या शेळ्या रिकाम्या राहतात.

तूट पूर्ण भरून निघत नाही, पण कमी करता येते. बोकड रात्री वेगळा बांधा, शेळ्या दिसणार नाहीत अशा जागी, म्हणजे निदान तेव्हा खाईल आणि बसेल. खुराकाचे दोनऐवजी तीन भाग करा. आधी खुराक, मग शेळीकडे, हा क्रम मोडू नका. कुट्टीवर २५-३० ग्रॅम गूळ पाण्यात कालवून शिंपडला तर ती खाल्ली जाते. हरभरा आवडत असेल तर रात्रभर भिजवलेला १०० ग्रॅम द्यावा, पण तेवढा भरडा कमी करून.

बोकड कळपात मोकळा सोडण्यापेक्षा माजावर आलेली शेळी त्याच्याकडे न्यावी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दिवसाला दोन-तीन शेळ्या पुरेत, आठवड्यात एक दिवस सुट्टी. पूर्ण वाढलेल्या बोकडामागे २५ ते ३० शेळ्या, वर्षभराच्या बोकडामागे दहा-पंधरा. लहान बोकडाची स्वतःची हाडं अजून वाढत असतात, त्याला वाढीची ऊर्जा आणि हंगामाची ऊर्जा दोन्ही एकाच गव्हाणीतून मिळवायच्या असतात.

पावसाच्या सुरुवातीला एक धोका आणखी. ज्वारीचा कोवळा फुटवा किंवा पाण्याच्या ताणाने खुरटलेली ज्वारी बोकडापुढे टाकू नये. त्यातल्या सायनाइडने जनावर काही मिनिटांत आडवं होतं.

हंगाम मोकळ्या कळपात करत असाल तर बोकडाच्या छातीला गेरू तेलात कालवून लावावा, दर दोन-तीन दिवसांनी. ज्या शेळीच्या पाठीवर लाल डाग, ती फळली. सतराव्या दिवशी रंग बदलावा, हळद किंवा नीळ. शेळीचा माज साधारण १८ ते २१ दिवसांनी फिरतो, त्यामुळे लाल डागावर दुसरा रंग दिसला तर ती उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. तीस शेळ्यांपैकी चार-पाच उलटल्या तर दोष शेळ्यांत शोधावा. पंधरा-सोळा उलटल्या तर दोष बोकडात आहे, आणि मग मागचे दोन महिने आठवावेत: कधी ताप होता, कधी पत्र्याखाली बांधला होता, कधी सरकी पेंड घातली होती. तेव्हा दुसरा बोकड लगेच आणावा, कारण पहिल्याला सुधारायला पुन्हा दोन महिने लागणार.

शेवटची शेळी फळल्यावर खुराक एकदम बंद करू नये. तोच ४०० ग्रॅम आणखी सहा आठवडे चालू ठेवावा, भूक परत आल्यावर बोकड तो पटापट अंगाला लावतो. दर पंधरा दिवसांनी टेप लावून वजन लिहावं. सहा आठवड्यांत निम्मं वजनही परत आलं नाही तर लेंड्या तपासाव्यात, डोळ्याची खालची पापणी ओढून पांढरी पडली आहे का बघावी, आणि तोंड उघडून दाढा पाहाव्यात. झिजलेल्या दाढांचा बोकड कितीही खुराक घातला तरी सुधारत नाही, त्याच्या जागी पुढच्या हंगामाचा बोकड आताच शोधायला लागावं.